बन्सीलालची तार

धुडकूच्या डोक्यातला राग अकरा वर्षं टिकला. घरचं लोणचंसुद्धा इतकं टिकत नाही.

अकरा वर्षांपूर्वी तो कतारगामात बन्सीलालच्या गॅरेजमध्ये कामाला होता. कार्बोरेटरचा जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू, त्यातून पेट्रोल बेताने जातं. त्यातला कचरा हवा मारून उडवायचा. तार घातली की भोक मोठं होतं. बन्सीलालने घाईत तार घातली. गिऱ्हाइकाची गाडी काळा धूर ओकायला लागली, तेव्हा बन्सीलालने दोष धुडकूवर ढकलून त्याच्या कानाखाली वाजवली आणि गॅरेजच्या दारात उभं राहून गल्लीला ओरडून सांगितलं, की याच्या हाती कार्बोरेटर देऊ नका. मग कोण देतो? दोन वर्षं धुडकूने लिंबायतमध्ये माग चालवले, नंतर पंक्चरं काढली. जुन्या बुलेटवाल्यांना त्याचा हात कळला तो फार उशिरा.

आणि आज तोच बन्सीलाल त्याच्या दुकानात आला होता, धूर काढणारी, बंद पडणारी आपली पन्नास वर्षांची बुलेट घेऊन. रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि सगळ्यांत पुढे ह्याला मिरवायचं होतं. दोन मेस्त्र्यांनी हात टेकले होते. त्या मापाचा जुना जेट आता फक्त धुडकूकडे होता.

धुडकूने कार्बोरेटर खोलला, भाग पेट्रोलमध्ये धुतले, जेट उजेडात धरला. आत तारेचे ओरखडे! अजून खोड गेली नव्हती. त्याला इतका आनंद झाला की त्याने शेजारच्या विठ्ठलला, चहावाल्या प्रमिलाबाईंना, सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. मग आपला जेट बसवला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, धुराचा मागमूस नाही. बन्सीलालचा चेहरा खुलला.

"आते सांगा शेठ, तवय तार कोन घाली व्हती?"

"जुनी गोष्ट कसाले काढस?"

धुडकूने वाद घातला नाही. सगळ्यांदेखत आपला जेट काढून खिशात टाकला आणि बन्सीलालचा परत बसवला. बन्सीलाल फणफणत निघाला. कोपऱ्यावर गाडी बंद पडली. तो किक मारत राहिला आणि धुडकू पायरीवर बसून चहा पीत बघत राहिला. फार बरं वाटत होतं त्याला.

शेवटी घामाघूम बन्सीलाल गाडी ढकलत परत आला. मान खाली घालून सगळ्यांसमोर म्हणाला, "तार मीच घाली व्हती. धुडकूनी नही."

हे ऐकलं की आपण मोकळे होऊ, असं धुडकूला वाटलं होतं. कसलं काय! एवढंसं बोलायला ह्याला अकरा वर्षं लागली, ह्या विचाराने त्याचं डोकं आणखीच फिरलं.

"आठे मना दुकानमा नही, शेठ. कतारगामले, तुमना गॅरेजना दारमा उभं राहीसन सांगा. जेट मी तठे ईसन बसाडसू."