नऊवारीतली नायिका

काशीत आमच्या राजा घाटाच्या गल्लीत ती राहते. दिवसा रेल्वेच्या ऑफिसात असते आणि घरी आली की चित्रकथा काढत बसते. पेन्सिल अंबाड्यात खोचून तीच पेन्सिल घरभर शोधते. खुशीत असली की मराठी बोलते, चिडली की थेट हिंदीत शिरते.

तिची नायिका नऊवारी नेसून काशीच्या गल्ल्यांतून पिशाच्चांच्या मागे धावते. या नायिकेचं प्रेम आहे एका नावाडणीवर. मी तिच्याकडे बसले असतानाच तिला प्रकाशकाचा फोन आला. दोघींचे धरलेले हात खोडा आणि नावाडणीला बहीण करा, असं त्याचं म्हणणं. "बहन है उसकी, अगले भाग में आएगी. ये वो नहीं है," म्हणून तिने फोन ठेवला.

आमच्याकडच्या हळदीकुंकवाला तीच पानं तिने जमलेल्या बायकांना वाचून दाखवली. हातांचं पान आलं तेव्हाही तिने आवाज जराही खाली आणला नाही. "हिचं हिच्यावर प्रेम आहे," असंही सांगून टाकलं. आमच्या गल्लीची आहे ती, असं तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं मला.

सासूबाईंनी चष्मा लावून पान जवळ ओढलं.

"अगं, काष्टा किती ढिला काढलायस! धावताना सुटेल की."

"खरंच की, काकू."

तिने खोडरबर मागितला आणि तिथेच बसून काष्टा घट्ट काढून दिला. धरलेले हात अगदी शेजारी होते. त्यांना तिने रबर लागू दिला नाही.