मला कोणी धरलंच न्हाई

"हे धर," शकुंतलाबाई म्हणली, आन तिनं टावेलाचं टोक माझ्यापुढं केलं.

शाळेचं मैदान. चुन्याच्या फक्कीनं आखलेलं. आम्ही सात बाया ओळीत उभ्या. बाकीच्यांचे पदर कमरेला खोचलेले, मी तेवढी सुनेचा पंजाबी ड्रेस घालून गेल्ते. भोकरदनला बचत गटाच्या बायांची कबड्डी होणार होती आन गावात सहाच बाया जमल्त्या. सातवी पाहिजे म्हणून शाळेच्या मॅडम आमच्या बौद्धवाड्यात आल्त्या. साठीला टेकलेली बाई मी. लहानपणी ढोरं राखली, मंग जिंदगीभर कापूस वेचला. खेळ म्हणजे लोकाची लेकरं खेळतात ते लांबून पाह्यलेलं. तरी मी म्हणलं, येते. मन केलं बघा.

मॅडमनं समजावलं. समोरची चढाईला आली की हातात हात घालायचे, साखळी करायची आन तिला घेरायची. सगळ्यांनी हात धरले. मी कडेला. माझ्या शेजारी शकुंतलाबाई, जिच्या रानात माझी उमर गेली. तिनं हात न्हाई दिला. टावेल दिला.

"माझ्या हाताला घाम येतो," म्हणली.

दुसऱ्या हाताला येत नव्हता. त्या हातात तिच्या जावेचा हात गच्च होता.

मॅडमनं पाह्यलं. पाहून शिटीची दोरी सोडवू लागल्या.

मी टोक धरलं. नवीन होते, वाटलं असंल घाम. नववीतली एक पोरगी चढाईला आली. टावेल सुटला, पोरगी आमच्या मधून निघून गेली. शकुंतलाबाई लगेच म्हणली, हिच्याकडून तुटली साखळी.

पण चढाईत मी लई तरबेज निघाले, असं मला वाटलं. सरावाला आमच्यातलीच एकेक चढाईला जायची, बाकीच्या सहाजणी समोर. कबड्डी कबड्डी म्हणत त्यांच्यात शिरायचे आन साबूत परत यायचे. रोज. बाकीच्या बायांना धरून आपटायच्या, नुसता दंगा. मला कोणी पकडूच शकत नव्हतं. घरी येऊन सुनेला सांगायचे, अगं माझ्या अंगात वारं हाय वारं. दोन घास जास्त जेवायचे.

सून शाळेत असताना कबड्डी खेळलेली. एक दिवस ती बघायला आली. घरी आलो. मंग चुलीपुढं बसून हळूच म्हणली, "आत्याबाई, त्यांना तुम्ही सापडत न्हाई असं न्हाई. त्या तुम्हाला धरतच न्हाईत."

घास तोंडातच राह्यला.

तरी मन मानंना. म्हणलं, बघू. दुसऱ्या दिवशी चढाईला गेले. पार त्यांच्या मधोमध. आन तिथं उभी राह्यले. हात पाठीमागं बांधून. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, पाय जाग्यावर. आंधळ्यानं धरावं अशी उभी. कोणी हललं न्हाई. शकुंतलाबाई मागं सरली, सरताना पदर आवरून घेतला. माझा दम सरला. तिथंच उभ्या उभ्या सरला.

"धरत का न्हाई मला?" मी इचारलं.

जावा जावा हसल्या. शकुंतलाबाई म्हणली, "तुला संख्येला घेतलंय. संख्येला राह्य."

कापूस माझ्या हातानं वेचलेला चालतो. त्याच कापसाचा टावेल मधी धरायचा. एवढं साधं मला साठीला समजलं. एकदा समजलं ते मंग पोटात निखाऱ्यागत बसलं. मी मैदानाबाहेर आले, चपला घातल्या आन मॅडमला म्हणलं, सातवी हुडका आता.

रडले न्हाई. दुसऱ्याच दिवशी विहारामागच्या मोकळ्या जागेत सुनेनं रेघा मारल्या. आमच्या वाड्यातल्या बाया आल्या, मांगवाड्यातल्या आल्या, बांगड्या विकणारी हसीनाबी आली. सगळ्याच नवशिक्या, एकीला डावं उजवं कळंना. सून शिकवायची. आधी आम्ही धरायलाच शिकलो. कमरेला, मांडीला, घोट्याला. हसीनाबीनं मला अशी आडवी केली की हाड न् हाड बोललं. धूळ झटकत उठले आन म्हणलं, बाई, अजून एकदा धर.

भोकरदनला गावातून एकच संघ घेणार होते. त्यांना बी सातवी गावली होती. मॅडमला आमचा सामना लावावाच लागला. जिंकंल तो जाणार. गाव बघायला लोटलं.

सून कानाशी आली. "आत्याबाई, दर बारीला चढाईला तुम्हीच जायचं." मला बराबर समजलं.

काय सांगू तुम्हाला. मी हात पुढं केला की त्यांची ओळ फाटायची. जुंधळ्यातून पाखरं उठावी तशा पांगायच्या. कोपऱ्यात गाठायची एकेकीला आन लावायचा हात. हात लागला की बाद. त्यांनी मला धरलं असतं तर मी कवाच बाहेर बसले असते. पण धरायचं न्हाई हे त्यांनीच ठरवलेलं. त्यांचा विटाळ, आमचे गुण.

शेवटाला शकुंतलाबाई एकटी उरली. माझ्याहून तगडी बाई, दुधातुपावर वाढलेली. एका झडपेत मला पाडलं असतं. तिनं दोन्ही हात छातीशी घेतले. पायाला लावला असता तरी ती बादच होती. मी गालाला लावला. सावकाश. सगळा पंजा. सगळ्या गावासमोर. आन मंग चालत मागं आले, पळाले बी न्हाई.

लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या. मावशी, झालं गेलं सोडा, दोन्हीकडच्या चांगल्या चांगल्या बाया घेऊन एक संघ करू, शकुंतलाबाईची बी तयारी हाय, म्हणल्या. चहा पाजला त्यांना. मंग म्हणलं, "न्हाई. मला तिच्याशेजारी उभं राह्यचं न्हाई. मला तिच्यासमोरच उभं राह्यचंय."

भोकरदनला आम्हीच जाणार, आमच्याच सातजणी. आन ऐकते, तिकडं शाळेच्या मैदानावर त्या पुन्हा जमून राह्यल्या. पुढच्या सालची तयारी. करू द्या. पुढच्या साली तिला मला धरावंच लागंल, न्हाई तर परत हरंल. दोन्ही हातांनी, कमरेला मिठी घालून, सगळ्यांच्या देखत. त्याच्यासाठी मी रोज दम वाढवून राह्यले. तिची मिठी पडली की थांबायची न्हाई मी. तिला तशीच फरफटत मधल्या रेघेपर्यंत आणणार.