सायत्राबाईचा रविवार

दर रविवारी सायत्राबाई सिंदेवाहीहून पहिल्या बसने चंद्रपूरला जायची आणि एका निवृत्त साहेबाच्या फाटकासमोर रिकामी टोपली घेऊन बसायची. बाई, काय विकता, असं कुणी विचारलं की सांगायची, "आमच्या तलावाच्या मासोळ्या. या साहेबानं संपवल्या." शिवी नाही, आरडाओरडा नाही. साहेबाने दोनदा घर बदललं. पुढच्याच रविवारी बाई नव्या फाटकासमोर हजर.

तिचा नवरा बिजाराम ढिवर, म्हणजे तलावात मासे धरणारा. तलाव आटला की मजुरीला जायचा. एक बंद कारखाना मोडायच्या कामावर असताना तिथे देखरेखीला असलेल्या याच साहेबाने त्याला जड डबा दिला. ने, शिसं आहे, जाळ्याला होईल, म्हणाला. ढिवराला शिसं म्हणजे सोनंच. बिजारामने डबा घरच्या चुलीवर वितळवला, गोळ्या पाडल्या आणि जाळं तळाला बसावं म्हणून त्याच्या काठाला ओवल्या. डब्यात कोळसा मोजायच्या यंत्राचा किरणोत्सारी तुकडा होता; रीतसर विल्हेवाट लावायची तर मोठा खर्च होता. धोक्याची पाटी साहेबाने आधीच खरवडून काढली होती, हे सोबतच्या मजुरांनी पाहिलं होतं.

मी तेव्हा गावची नर्सबाई. बिजारामचा तळहात सोलला तेव्हा मी चटक्याचं मलम दिलं. ते मला आजही खातं. तो महिन्याभरात गेला. मग तोंड झाकलेली माणसं आली, अंगण खणून आणि चूल उचलून घेऊन गेली, तलावाला कुंपण घातलं. आमच्या गावची मासोळी अजूनही बाजारात कुणी घेत नाही. आणि सरकारी अहवालात आलं, डबा मजुराने चोरला.

बाई पेटली ती या शब्दाने. "मेला ते वेगळं. त्याले चोर काऊन म्हनलं?" साहेबाला देव बघून घेईल, असं मी एकदा म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. "देवाले मधात आनू नोको. साहेब मराले नोको. दार उघडलं का मीच दिसली पायजे त्याले."

काही वर्षांनी तिचंही रक्त नासलं. किरणांमुळेच, असं कुणी लिहून देईना. चंद्रपूरच्या दवाखान्यात साहेब फळं घेऊन आला आणि खाटेशी वाकून पुटपुटला, डबा मीच दिला होता, चुकलं.

"इथी कानात नाई," बाई म्हणाली. "तलावाच्या पाळीवर या. गावासमोर बोला."

त्याने तब्येतीचं कारण सांगितलं. बाईने फळं परत न्यायला लावली. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर साहेबाचा मला फोन आला. बाई गेल्या, आता झालं गेलं विसरू या, म्हणाला. मी रविवारची पहिली बस पकडली आणि त्याच्या फाटकासमोर जाऊन बसले. त्याने खिडकी लावून घेतली. घेऊ दे. मीही निवृत्त झाले आहे आणि माझी तब्येत ठणठणीत आहे.