गाडीच्या पोटाखालचं गवत

डोळे मिटले की ती गाडी मला नेहमी धानातून जाताना दिसते. वाट दिसत नाही, चाकं दिसत नाहीत. हिरव्यातून मोहरीच्या रंगाचं एक उतरतं छप्पर तेवढं सरकत जातं, आमच्याकडे भरतीला खाडीतून होडी जाते तसं. आवाजही नसतो. खरं तर त्या दिवशी सगळं लक्ष आवाजाकडेच होतं.

माझं गाव समुद्राकाठचं. आठवीत शाळा सोडली ती परत धरली नाही. आंब्याच्या पेट्या नागपूरला उतरवून परतीचा तांदूळ भरायला आमचा ट्रक तुमसरला आला आणि मी तापाने आडवा झालो. ट्रकला थांबता येईना. ड्रायव्हरने मला एका गॅरेजच्या बाकड्यावर निजवलं, "पुढच्या फेरीला घेतो" म्हणाला आणि गेला. त्याच बाकड्याच्या टोकाला एक म्हातारा आपल्या गाडीचं ऑईल बदलून होईपर्यंत बसला होता. त्याने माझ्या कपाळाला हात लावला, मिस्त्रीला म्हणाला, "हे पोरगं इथं ठेवून मी घरी कसा जाऊ जी?" आणि मला त्या दोन दारांच्या गाडीत घालून आपल्या घरी घेऊन गेला. गाव आंबागडच्या डोंगराकडे. सीट इतकी खाली होती की खिडकीतून मला फक्त झाडांचे शेंडे आणि आभाळ दिसत होतं. मला वाटलं, मी मेलो आणि मला नेतायत.

मेलो नाही. म्हाताऱ्याच्या लेकीने, जिला मी पुढे ताई म्हणू लागलो, पेज पाजून उठवलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ट्रक परत आला, पण तोवर मी त्याच गॅरेजात पाने-पकडी उचलायला लागलो होतो आणि त्यांच्या अंगणातल्या खोलीत राहायलाही लागलो होतो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. बाबा, म्हणजे तो म्हातारा, मात्र अजून गोंदियाला गेले तरी "भंडाऱ्यातच आहो" म्हणायचे. त्या घराचं देणं शब्दांनी फिटणारं नाही, म्हणून मी ते बोलून दाखवत नाही. लिहितोय तेवढंच.

गाडीची गोष्ट अशी. बाबा मँगनीजच्या एका खाणीत साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब नोकरी सोडून गेले तेव्हा ही परदेशी, बुटकी गाडी बाबांना देऊन गेले. दारं दोनच, पण एकेक दार कपाटाच्या पल्ल्याएवढं रुंद. मागची काच उताराची. गावात तिला "बेडकी" म्हणत. बाबांनी तिच्यावर कधी कुणाला बोट ठेवू दिलं नाही.

दुसरी त्यांची जीवाची गोष्ट म्हणजे गावाबाहेरची बांधी. बांधी म्हणजे धानाचं खाचर. त्यांच्या आई-बापाने जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणा केला. रोवणा म्हणजे आमच्याकडची लावणी. बाबांनी ड्रायव्हरकीच्या पगारातून ही जमीन घेतली, आणि घेतल्या वर्षापासून एक रीत त्या घरात पडली. रोवणा संपतो त्या दिवशी रोपांची शेवटची पेंढी मालकाने रोवायची, अनवाणी, पाय चिखलात घालून. "माया बाप बुटाच्या मालकासाठी राबला," बाबा सांगायचे, "माया बांधीत मालकाचे पाय दिसले पायजे." ती पेंढी लागल्याशिवाय बाया घरी जात नसत.

पुढे एका वर्षी उन्हाळ्यात बाबा अंगणात घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड धरलं, पण पायावर उभं राहता येईना. लाकडी पिढ्यावर बसून, हातांनी रेटत ते घरात सरकायचे. डॉक्टर म्हणाले होते, बसून कुठंही जा, दचका नको. म्हणजे ट्रॅक्टर गेला, बैलबंडी गेली. भाड्याची जीप आणली तर तिच्यात त्यांना चढवताना ते इतक्या जोरात ओरडले की जीपवालाच खाली उतरून हात जोडू लागला.

रोवणा सुरू झाला. जेवताना ताई बांधीचं सांगायला लागली की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "यंदा शेवटची पेंढी तूच लाव, बाई." एवढंच. ताई ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती गॅरेजात आली. "बेडकी पांदणीनं जाईन का जी?"

पांदण म्हणजे शेताकडे जाणारी बंडीची वाट. दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधे गवताचा उंच वरंबा. बेडकी त्या वाटेवर घातली असती तर पहिल्याच वळणाला तिचं इंजिनाखालचं चेंबर वरंब्यावर आपटून ऑईल सांडलं असतं.

मिस्त्रीने पान थुंकलं. "जाईन. उचला लागन तिले. मांगच्या कमानीत एकेक पाटा वाढवून टाकू, काम खतम." कमान म्हणजे मागच्या चाकांवरची पोलादी पाट्यांची स्प्रिंग; पाटे वाढले की ती ताठ होते.

"मग ती ट्रकसारखी आदळेल," मी म्हणालो. "बाबांचा खुबा..."

"काहून बे कोकण्या, तू डॉक्टर झाला का?" पण पाटा शोधायला तो उठला नाही, म्हणजे त्याला पटलं होतं.

माझा जीव मुळात लहान. बोल्ट आवळला तरी दुकान बंद करताना परत हात लावून बघतो. आणि इथे तर बाबांची गाडी, बाबांचं हाड. मी बाबांना विचारायला गेलो. "ते गाडी अशीच शोभते," म्हणाले. मग म्हणाले, "कर."

आम्ही पाटा वाढवला नाही. मागच्या कमानी ज्या दोन पट्ट्यांवर लटकतात, त्या शॅकलच्या पट्ट्या थोड्या लांब करून घेतल्या. त्याने गाडी वर उचलली जाते, पण कमान होती तशीच मऊ राहते. पुढे गुंडाळी स्प्रिंगखाली लेथवर कातलेली लोखंडी कडी घातली आणि लोखंडाला लोखंड लागून कुरकुर नको म्हणून मधे रबराची चकती. ते रबर राईस मिलचं होतं. धान भरडणारे रबरी रोल झिजले की मिलवाले ते टाकून देतात, मिस्त्री ते जमवून ठेवायचा. "धानाचं रबर हाये," तो म्हणाला, "धानातच जाऊन राहिलं." टायर किंचित उंच घेतले. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते आत घासतात का बघितलं, घासत होते, तिथली पत्र्याची कड ठोकून मागे घेतली. ब्रेकचा होज-पाईप ताणला जातो का हे बघायला मी गाडीखाली इतक्यांदा गेलो की मिस्त्री म्हणाला, "तिथंच अंथरूण घाल."

खाली पडून वर बघायचो तेव्हा मला का कोण जाणे गावची आठवण यायची. पावसाआधी आम्ही होड्या वर ओढून ठेवायचो, त्यांच्या पोटाखाली आम्ही पोरं अशीच उताणी पडायचो. तिथे सगळी होडी आपल्यासाठी उचललीय असं वाटायचं.

गाडी घोडीच्या टेकूवरून खाली उतरवली आणि दोघेही मागे सरकून बघत राहिलो. बेडकी उभी राहिली होती. पोटाखालून पलीकडची सायकल दिसत होती. मिस्त्रीने मला पाठीत धपाटा घातला. मी मुद्दाम बाजारातून वळसा घालून ती गावाकडे नेली. खड्ड्यातून गेलो तरी हिंदोळा घेतल्यासारखी वर-खाली व्हायची, बस. इतका आनंद मला आधी फार कमी वेळा झाला असेल.

अंगणात गाडी लावली. बाबा पिढ्यावर सरकत आले. ताईने दार उघडलं.

आणि बाबा दारापाशीच अडले.

गाडी बुटकी होती तेव्हा पिढ्यावरून सीटवर सरकायला बाबांना एका उशीचं अंतर होतं. म्हणून तर ही एकच गाडी त्यांना जमत होती. आता सीट त्यांच्या छातीपाशी आली होती. आम्ही पांदण मोजली, वरंबा मोजला, टायर मोजले. ज्याच्यासाठी गाडी उचलली तो माणूस जमिनीवर बसलाय हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईला आधी हसू फुटलं, मग तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, कळेना.

"मी आत्ता उतरवतो," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता पूर्वीसारखी करतो."

"मंग पांदणीत कशी जाईन?" ताई म्हणाली.

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "ओ माय! गाडीले शिडी लावा लागते आता!"

बाबा मात्र गाडीकडे बघत नव्हते. ते घराकडे बघत होते. सपरीकडे, म्हणजे पुढच्या ओसरीकडे. तिचा मातीचा, शेणाने सारवलेला ओटा आणि त्याची कड.

"पोरा," ते म्हणाले, "मले कायले वर चढवता? गाडी सपरीले लाव."

मला कळलं नाही.

"साहेबाचे बूट भिजू नये म्हणून मी जन्मभर गाडी ओट्यालेच लावली. दार उघडलं की साहेब सरळ आत. आता माया घराले ओटा नाई का?"

ते आधी रोजच्या वाटेने, बाजूच्या उतारावरून आत सरकत गेले आणि सपरीच्या कडेवर बसले. मग मी गाडी वळवली. बाबा हाताची दोन बोटं हलवत होते, डोळे दाराच्या कडेवर. "ये... ये... अजून... मांगं नको पाहू, मायाकडे पाह्य... बस." ताईने ते रुंद दार उघडलं. सपरीची कड आणि सीट एका पातळीत आली होती. आधीच्या बुटक्या बेडकीची सीट ओट्याच्या खाली गेली असती. बाबा हात टेकून, इंचाइंचाने सरकत आत गेले. एकदाही कण्हले नाहीत. सीटवर बसल्यावर त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवला, लहान मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"आता साहेब कोन, सांग," ते म्हणाले.

रोवणा संपण्याच्या दिवशी उघाड होती. दोन-तीन दिवस पाऊस थांबल्याने पांदण वरून सुकली होती, आतून ओली. ताई मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी गाडी पांदणीत घातली.

मी कान खाली लावून बसलो होतो. "खण्ण" असा आवाज कधी येतो याची वाट बघत. पहिलं वळण आलं, वरंबा उंच झाला, आणि खालून आवाज आला: सर्रर्र. गवत. गाडीच्या पोटाखालून गवत लोळत, सरळ होत मागे जात होतं. बस, तेवढंच. सर्रर्र, सर्रर्र, जसं कुणी झोपलेल्याच्या डोक्यावरून हात फिरवावा.

बाबांनी डोळे मिटले होते. "आता मोहाचं झाड," म्हणाले, आणि मोहाची सावली काचेवरून गेली. "आता नाला. डाव्या अंगानं घे, उजवीकडे खचते." मी डाव्या अंगाने घेतलं. दोन्ही बाजूंना धान, त्यात उभं पाणी, पाण्यात आंबागडचा डोंगर उलटा. मला क्षणभर कुठल्या गावात आहोत ते कळेना. आमच्याकडे बांधाला मेर म्हणतात, इथे धुरा म्हणतात; पण चिखलाचा वास तोच. मला वाटलं, पुढच्या वळणाला समुद्र दिसेल.

दिसल्या त्या बाया. लुगडी वर खोचलेल्या, गुडघ्यापर्यंत काळ्या, सगळ्या कमरेतून ताठ होऊन बघत उभ्या. एकीने ओरडून विचारलं, "कोन नवरदेव येऊन राहिला वो?"

"तुया काका!" ताई खिडकीतून ओरडली.

मी धुऱ्याला लागून गाडी थांबवली. दार उघडलं. बाबांनी दोन्ही हातांनी आपला मोडका पाय धरून बाहेर फिरवला, मग दुसरा. पाय हवेत लोंबत राहिले, बांधीपासून वर, कोरडे, पांढुरके. खाली पोचणं शक्यच नव्हतं. ते पायांकडे बघत बसले. इतकं करून चिखल तेवढा खालीच राहिला होता.

मग सगळ्यांत म्हातारी बाई बांधीत वाकली. तिने घमेल्यात चिखल भरला, पाण्यासकट, आणि डोक्यावर घेऊन धुऱ्यावर चढली. दुसरीने कामाला आणलेली पाटी पालथी घातली. पाटीवर घमेलं, घमेल्यात बाबांचे पाय. "घे गा भाऊ," ती म्हणाली, "बांधीच आणली तुयाकडे. आता आम्हाले घरी जाऊ दे."

बाबा हसले. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. त्यांनी शेवटची पेंढी घेतली, सोडली, आणि आपल्याच दोन पायांच्या मधे एकेक रोप घमेल्यात रोवलं. थोडी रोपं उरली ती माझ्या हातात दिली. "तू बी." मी अंगठ्याने खोवून लावली, आमच्याकडच्यासारखी. बाया खदखदा हसल्या, "हे पाहा, दाबून मारून राहिला बिचाऱ्याले!" म्हातारीने ते घमेलं उचललं आणि त्यातली रोपं चिखलासकट बांधीच्या कोपऱ्यात नेऊन बसवली. माझी वाकडी होती. तिने ती सरळ केली नाहीत.

परत येताना बाबांचे पाय सुकत चालले होते, चिखलाला भेगा पडत होत्या. त्यांनी ते धुवू दिले नाहीत. पोटाखाली गवत पुन्हा सर्रर्र वाजत होतं आणि ते ऐकत ते अर्धवट झोपेत म्हणाले, "पुढच्या साली आणखी वर नको करू हं. सपरीले इतकीच बरोबर लागते."