पाचव्या नंबरची चावी

एकोणीसशे एकोणऐंशी साल होतं, आन् मी बेचाळीस वर्षांचा. तेव्हापासून जे पोटात ठेवलं — बायकोलेही नाही सांगितलं, ती तशीच गेली — ते आता कागदावर उतरवून राहिलो. चवथीतच शाळा सुटलेला माणूस मी, अक्षर अडते. पण पेन अक्षरानं थांबत नाही. दुसऱ्याच गोष्टीनं थांबते.

लाखनीच्या अलीकडे सडकेले लागून एक कालेज होतं. त्याच्या साऱ्या आवारावर मी सुरक्षा जमादार. हाताखाली नऊ चौकीदार. आधी राइस मिलच्या फाटकावर लाठी घेऊन बसत होतो, तिथून इथं — खाकी डरेस, पितळी बक्कल, शिट्टी. प्रोफेसर लोक 'जमादार साहेब' म्हणत. चवथीच्या माणसाले! छाती फुगे माझी, खोटं कायले बोलू?

मग आफिसनं ते घड्याळ आणलं. चामड्याच्या पेटीतलं, जड, चौकीदारानं खांद्यावर टांगून फिराचं. आवारात सात जागी भिंतीले साखळीनं एकेक चावी बांधून ठेवली होती. दर घंट्याले फेरी मारायची, त्या जागेची चावी घड्याळात घालून फिरवायची, का आतल्या कागदावर नंबर आन् वेळ उमटे. सकाळी आफिसचा बाबू कागद काढून पाहे, कोण कधी कुठं होता ते. पाचवा नंबर होस्टेलमागच्या विहिरीचा.

सुखदेव म्हणून माझा एक चौकीदार होता, जवळच्याच गावचा ढीवर. घरचे सारे तलावात मासे धरणारे. तो म्हणे, "कधी होता, कुठं होता — माही बायको बी इतकं नाही इचारत जी, जमादार!" सारे हसत. मी नाही हसलो. साहेब लोकाले माझ्या शब्दाचा भरोसा नाही, डब्ब्याचा आहे? मले ते लागलं.

मे महिन्यात कालेजले सुट्ट्या. डांबराले चप्पल चिकटे असं ऊन. एक चौकीदार फेरीत चक्कर येऊन पडला. तेव्हा मी सातही चाव्या साखळ्यांतून काढल्या आन् फाटकाजवळच्या चौकीत खिळ्याले टांगल्या. म्हणलं, "दुपारी बसल्या जागी लावत जा गा. मी आहो न!" सारे म्हणाले, आमचा जमादार म्हणजे बाप आहे बाप.

इतके वर्ष मी सोताले सांगत आलो — दयेनं केलं. दया होती का? असन थोडीशी. बाकी तो 'बाप' शब्द गोड लागला. आन् आफिसच्या घड्याळाले बनवलं, याची मजा वाटली.

पुढचं लिहाचं म्हणजे — लिहितो.

कालेजात सोमाजी नावाचा बगीच्याचा माळी होता, साठीतला. सुट्टीतही झाडाले पाणी द्याले येई. एक दिवस दुपारी बादली विहिरीत सुटली म्हणून तो कपारीले पाय देत खाली उतरला, आन् घसरला. खाली टोंगळ्याइतकं, गुडघाभर पाणी. मांडी मोडली, डोक्साले लागलं. तिथंच पडून तो हाका मारत राहिला. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. त्या पाळीले सुखदेव होता. चौकीत बसून त्यानं दर घंट्याले पाचव्या नंबरची चावी घड्याळात फिरवली. चौकीतून विहिरीची हाक येत नाही. फेरी मारली असती तं आली असती.

दिवेलागणीले सोमाजीची बायको त्याले पाहत आली, तेव्हा समजलं. बोंबाबोंब झाली. दोर आणला, खाट आणली. सुखदेवनं कमरेले दोर बांधला आन् कोणाले न इचारता उतरला. पाण्यातला माणूस तो. सोमाजीले पाठीवर घेऊन खाटेवर घालून राहिला होता.

आन् मी कुठं होतो?

मी चौकीत होतो. खिळ्यावरच्या चाव्या काढत होतो. सहा चाव्या जागोजाग लावल्या. सातवी — म्हणजे पाचव्या नंबरची — घेऊन विहिरीपाशी आलो. सारे वाकून खाली पाहून राहिले होते. माझ्याकडे कोण पाहते? मी भिंतीकडे तोंड केलं आन् साखळीत चावी अडकवली. मागून सुखदेव विहिरीतून ओरडून राहिला होता, "ओढा गा, ओढा! जपून!"

तिसऱ्या दिवशी सोमाजी दवाखान्यात मेला. बायकोले म्हणून गेला, "लय हाका मारल्या. कोणीच नाही आलं."

चौकशी बसली. प्रिन्सिपॉल साहेबाच्या टेबलावर घड्याळाचा कागद. एक, दोन, तीन, चार — दर घंट्याले पाचवा नंबर. साहेब म्हणाले, "सुखदेव, तू चार वेळा विहिरीवर गेलास. तुला हाक ऐकू आली नाही?"

"मी गेलोच नाही जी, साहेब. चाव्या चौकीत होत्या. बसल्या जागी लावल्या."

कोण्या हुकमानं, ते त्यानं नाही सांगितलं. माझ्याकडे पाहिलं फक्त. मी बोलीन म्हणून थांबला. बाप होतो न मी?

"जमादार, चाव्या कुठं होत्या?"

"जागेवर जी, साहेब."

शिपाई पाहून आला. पाचवी चावी साखळीले होती. बाकीच्या चौकीदारायनं आपापली नोकरी पाहिली. मी आणखी म्हणलं — कोणी इचारलं नव्हतं तरी म्हणलं — "घड्याळ खोटं बोलत नाही जी."

त्याले त्याच दिवशी काढलं. बाहेर फाटकाशी त्यानं मले गाठलं. मले वाटलं, हा शिव्या देईन. तो म्हणाला, "नोकरी जाऊ द्या जी. पण सोमाजीच्या बायकोले आता काय वाटन? मी हाक आयकून नाही गेलो?"

मी म्हणलं, "तोंड सांभाळ आपलं."

गावानं त्याच्या हातचं पाणी टाकलं. मासे घेईनात. तो बायको-लेकरं घेऊन कारध्याले सासऱ्याकडे गेला, वैनगंगेवर जाळं टाकाले. पुलावरून मोटार गेली का मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करो. सोमाजीच्या बायकोले कालेजनं झाडूच्या कामावर घेतलं. आठ वर्ष ती मले राम राम करे आन् म्हणे, "त्या मेल्यानं आयकून पाठ फिरवली जी, जमादार." आठ वर्ष मी आयकत राहिलो. कितीदा तोंड उघडलं. उघडलं, आन् बिडी घातली.

आता सुखदेव नाही, सोमाजीची बायकोही नाही. सांगाचं कोणाले?

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाले मी डरेस घातला, बक्कल घासलं. सुखदेवची जागा खाली होती, म्हणून घड्याळ आपल्याच खांद्यावर टांगलं आन् सारं आवार फिरलो. विहिरीपाशी सोमाजीची बादली पडली होती, त्या दिवशी दोरासंगं वर काढलेली. ती बाजूले ठेवली. चावी घातली, फिरवली. आफिस उघडल्यावर बाबूनं कागद काढून पाहिला. म्हणाला, "वा जमादार, सातही ठसे बराबर."

मी म्हणलं, "हो जी."