दुसऱ्यांदा लिहून घेतलेली उत्तरं

नागरिकशास्त्र आमच्या शाळेत कुणालाच नको असायचं. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेला थोड्या मार्कांचा विषय. ज्याचा तास रिकामा, त्याच्या गळ्यात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नोकरीला लागले तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला. मी शिरूरला राहायचे आणि रोज सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून, मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या एका गावी शिकवायला जायचे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि माझा राग सगळ्यांवर नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका कॉलेजातले प्राध्यापक एका परदेशी संशोधक बाईंना घेऊन शाळेत आले. चार देशांतल्या शाळांत मुलांना नागरिकत्व कसं शिकवलं जातं, याचा अभ्यास चालला होता. त्यांना खेड्यातली एक शाळा हवी होती. हेडमास्तरांनी शाल-श्रीफळ दिलं, लेझीम पथक उभं केलं. संशोधक बाई मात्र सत्कार उरकून सरळ नववीच्या वर्गात आल्या आणि मागच्या बाकावर गुडघे आखडून मुलींमध्ये बसल्या. मला त्या आवडल्या. हेही लिहायला हवं, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला परदेशी माणसांचाच राग आहे.

मला पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. मुलांना गोलात बसवा, त्यांना विचारा, त्यांचं बोलणं तोडू नका, असं तिथं शिकवलं. मी भारावून गेले. आमच्या बी.एड.च्या वर्षात एकानंही मला विचारलं नव्हतं की तुम्हाला काय वाटतं. परत येऊन मी त्यांची प्रश्नावली मराठीत केली. ‘तुमच्या गावात निर्णय कोण घेतं?’ हा त्यातला सहावा प्रश्न.

प्रश्नावली वाटली त्या दिवशी नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांच्या काळात नदीकाठी जमीन केली आणि ते तिथंच स्थिरावले. मुलगी अबोल, अक्षर टपोरं.

“बाई, पुस्तकातलं लिव्हायचं का खरं?”

“खरं लिही,” मी म्हटलं. “नाव घालायचं नाही. कुणाला कळणार नाही.”

हे वाक्य मी उच्चारलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

तिनं सहाव्या प्रश्नाखाली लिहिलं ते मी गोळा करताना वाचलं. ‘माझी आई ग्रामपंचायतीची मेंबर आहे. तिला लिहिता-वाचता येते. मीटिंगला वडील जातात. रजिस्टर आमच्या घरी येते आणि आई चुलीपुढे सही करते. निर्णय चेअरमन घेतात.’ चेअरमन म्हणजे सोसायटीचे चेअरमन. पंचायतीचं पॅनेलही त्यांचंच होतं आणि आमच्या शाळेच्या स्थानिक समितीचे अध्यक्षही तेच होते. नाव नसलं तरी त्या गावात आई मेंबर असलेली नववीतली मुलगी एकच होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मी खूश होते.

संशोधक बाईंची गाडी दोन दिवसांनी येणार होती. त्यांच्या निरोपाप्रमाणे गठ्ठा हेडमास्तरांच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी माझं निवडणुकीच्या कामाचं ट्रेनिंग होतं शिरूरच्या तहसील कचेरीत, म्हणून मी शाळेत नव्हते. त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं. एकानं सांगितलं, “बाई, काल हेडसरांनी समदं परत लिव्हून घेतलं.”

“काय परत?”

“त्ये गोऱ्या बाईचं. सर फळ्यावर लिव्हीत व्हते, आमी उतरून घ्यायचं.”

फळा पुसला होता, पण नीट नाही. ‘निर्णय ग्रामसभा घेते. ग्रामसभेत सर्व स्त्री-पुरुष समान असतात,’ एवढं अजून वाचता येत होतं. ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तिच्या वडिलांना आदल्या दिवशी ऑफिसात बोलावून तिचा कागद दाखवला होता.

मी ऑफिसात गेले. हेडमास्तर हजेरीपत्रकावर सह्या करत होते.

“सर, पहिले कागद कुठे आहेत?”

“कुठले कागद?”

“मुलांनी स्वतः लिहिलेले.”

“मुलांनी काहीही लिहिलं म्हणून आपण परदेशात पाठवायचं? उद्या गावाची बदनामी झाली तर चेअरमन मला विचारतील, तुम्हाला नाही.” मग पेन खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमची कायमची ऑर्डर अजून यायची आहे ना? मी शिफारस लिहितोय.”

मी बाहेर आले. मागच्या अंगणात शिपाई कागद जाळत होता. विचारलं तर म्हणाला, “सरांनी रद्दी दिलीया.” अर्ध्या जळालेल्या एका कागदावर टपोरं अक्षर नव्हतं; कुणाचं तरी दुसऱ्याचं होतं. त्या पोरांनीही खरंच लिहिलं असणार. काय लिहिलं होतं, ते आता कधीच कळणार नाही.

दुपारी गाडी आली आणि नवा गठ्ठा घेऊन गेली. मी वर्गात होते. खिडकीतून धूळ दिसली. संध्याकाळी शिरूरच्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथबाहेर उभी राहिले, प्राध्यापकांचा नंबर पर्समध्ये होता. माझ्यापुढचा माणूस बोलून बाहेर आला, बूथवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी घरी गेले. हेडमास्तरांचा राग करायला सोपा आहे. हा दुसरा राग तितका सोपा नाही.

ऑर्डर आली. कायम झाले.

पुढच्या वर्षी पुण्यात अभ्यासाचे निष्कर्ष सांगायची परिषद झाली. मलाही बोलावणं होतं. संशोधक बाईंनी पडद्यावर आमच्या वर्गाचा फोटो दाखवला, त्यात फळ्याजवळ मी उभी. मग निष्कर्ष. भारतातल्या ग्रामीण मुलांची उत्तरं आश्चर्यकारकरीत्या एकसारखी आहेत. मुलं वास्तवाकडे न पाहता पाठ्यपुस्तक सांगतात. याचं मूळ शिक्षकांत आहे. शिक्षकांनाच स्वतंत्र विचारांची भीती वाटते. सभागृहात माना डोलत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका प्राचार्यांनी वहीत ‘भीती’ या शब्दाखाली रेघ ओढली.

मी उठले. माईकची वाट पाहिली नाही.

“ही उत्तरं मुलांची नाहीत,” मी म्हटलं. “मुलांची जाळली. ही हेडमास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेली आहेत. मुलांनी खरं लिहिलं होतं, एक कागद मी स्वतः वाचला होता.”

प्राध्यापकांनी ते संशोधक बाईंना इंग्रजीत सांगितलं; सगळं सांगितलं की नाही, देव जाणे. त्यांचा चेहरा उतरला. प्राध्यापक म्हणाले, “आपण हे चहाच्या वेळी बोलू.”

चहाच्या वेळी संशोधक बाई माझ्याकडे आल्या आणि विचारलं, “तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मी भडकले. “तुम्ही गठ्ठा हेडमास्तरांच्या कपाटात का ठेवायला सांगितला?” माझ्या मोडक्या इंग्रजीत मी विचारलं. “मुलीला नाव गुप्त राहील असं मी तुमच्या शब्दांवर सांगितलं. तुम्ही परत जाल. ती कुठे जाईल?”

अहवाल छापायला गेलाय, तळटीप घालता येईल, एवढं त्या म्हणाल्या. काही महिन्यांनी पुस्तक आलं. तळटीप होती: एका ठिकाणी माहिती गोळा करण्यात काही अडचणी आल्या. निष्कर्ष जसेच्या तसे. आभाराच्या यादीत हेडमास्तर होते.

परिषदेतली गोष्ट गावात पोहोचायला आठवडाही लागला नाही. जूनमध्ये संस्थेनं माझी बदली दौंड तालुक्यात, यवतजवळच्या शाळेत केली. निघण्याआधी मी त्या मुलीच्या घरी गेले. जायला तेव्हाच हवं होतं, दीड वर्षात एकदाही गेले नव्हते. वडिलांनी तेव्हा तिला आठ दिवस घरी बसवलं होतं; मग ती परत आली, पण वर्गात माझ्याकडे बघायची नाही. त्या दिवशी ती आतच राहिली. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

“माफी मागायला आले,” मी म्हटलं.

“कशाची? तिनं खोटं लिव्हलं व्हतं का?”

“नाही.”

“मंग?” तिनं सूप बाजूला सारलं. “तवा ह्यांनी तिला लई मारलं. मी मधी पडले तवा मलाबी. तुमी सांगितलं लिव्ह, आन् तुमी कुठं व्हता? एकदा तरी यायचं व्हतं. त्याचा राग हाय मला. लिव्हल्याचा न्हाई.”

तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, “त्यापुढच्या मीटिंगला मीच गेले. खुर्ची न्हाई दिली कुणी. पायरीवर बसले. असू दे म्हनलं. पर सही तिथंच केली, आन् वाचून केली.”

एवढंच. चेअरमनांनी पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट दिलं नाही. मुलगी दहावी झाली आणि पुढं शिरूरच्या कॉलेजात गेली, असं मला दुसऱ्याकडून कळलं. तिनं मला कधी कळवलं नाही, आणि का कळवावं?

यवतच्या बाजूच्या शाळेतही नागरिकशास्त्र माझ्याकडेच आलं. यावेळी मी मागून घेतलं. तीन-चार वर्षांनी दुसऱ्या एका परदेशी विद्यापीठाचा तरुण प्रश्नावली घेऊन आला. मी अटी घातल्या. कागद मुलांसमोर पाकिटात बंद करून तुम्ही स्वतः न्यायचे. अहवाल छापायच्या आधी याच वर्गात येऊन मराठीत वाचून दाखवायचा. मुलं चूक म्हणाली तर तेही छापायचं. तो नम्रपणे म्हणाला, पहिलं जमेल, बाकीचं वरिष्ठांना विचारावं लागेल. त्यांनी हायवेपलीकडची दुसरी शाळा घेतली.

मी त्या वर्षी नववीचा वर्ग गावच्या ग्रामसभेला नेला. पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन, कुणाचं नाव गुप्त राहील अशी हमी न देता. मुलं तासभर कंटाळली. मग एका मुलीनं उठून विचारलं की शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक कधी होणार. ग्रामसेवक तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, “बाई, विद्यार्थ्यांनी बोलायचं नसतं.”

“नियम दाखवा,” मी म्हटलं.

ते रजिस्टर चाळत राहिले. मुलगी उभीच होती. मी तिला बस म्हटलं नाही.