चौतीस पावलं

रस्ता खरवडायच्या मशीनच्या पुढे, हातोडी आणि खडू घेऊन एक माणूस चालत असतो. मांडवगण फराट्याच्या रस्त्यावर तो माणूस म्हणजे शलमोनमामा. साठी उलटलेली, अंगात चमकत्या पट्ट्यांचं दोन मापं मोठं जाकीट. मशीनच्या पोटातला दातेरी रूळ जुनं डांबर दुधावरच्या सायीसारखं काढतो, म्हणजे वर नवा थर नीट बसतो. पण डांबराखाली लोखंडी झाकण दडलेलं असलं, की रुळाचे दात तुटतात आणि झाकणाचाही चुरा होतो. ते झाकण आधी शोधून भोवती खडूचं वर्तुळ काढायचं, हे मामांचं काम. मशीनच्या आवाजात दिवसभर त्यांच्याशी कुणी बोलत नाही. शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीवरही बोलायला कुणी नाही. बायको सारा जाऊन तिसरं वर्ष लागलंय. पीठ मळताना मामांचा अंदाज अजून चुकतो आणि उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी डब्यात येते.

त्या सकाळी इंजिनीअर प्रांजल मॅडम नकाशा घेऊन उभ्या होत्या. गावच्या पाण्याचा एक व्हॉल्व्ह रस्त्याखाली आहे असं ग्रामपंचायत सांगत होती, नकाशात मात्र तो नव्हता. मामांना तो ठाऊक होता. चौदा वर्षांपूर्वी तिथलं डांबर त्यांनी आणि सारानंच टाकलं होतं. व्हॉल्व्हचं झाकण वर उचलून बसवायला मुकादमाला सवड नव्हती, तेव्हा सारानं मोजून ठेवलं, मैलाच्या दगडापासून शिरूरच्या अंगाला चौतीस पावलं. असले आकडे लक्षात ठेवणं हे कायम तिच्याकडे. आजारपणात खाटेवर पडल्या पडल्याही ती मामांना असली गाडलेली झाकणं विचारायची आणि ते चुकले की हसायची.

मामांनी दगडापासून चौतीस पावलं टाकली आणि हातोडी मारली. आवाज भरीव आला. पुन्हा मोजलं, डावीकडे ठोकलं, उजवीकडे ठोकलं. सगळीकडे भरीवच.

प्रांजल मॅडमनी समजुतीनं सांगितलं, की पुण्याहून लोखंड शोधायचं यंत्र मागवू, एवढा पट्टा तोवर राहू दे.

"म्हंजी ती चुकली व्हय?" मामा म्हणाले. कोण चुकली, हे मॅडमना कळलं नाही.

मामा कडेला जाऊन बसले. झाकणाचं काय, ते यंत्रालाही सापडलं असतं. पण सारानं सांगितलेलं खोटं ठरलं, तर तिचं म्हणून त्यांच्याजवळ उरत तरी काय होतं? समोर मजूर बायांतली धुरपदा खरवडलेला चुरा घमेल्यात भरून ट्रॉलीकडे नेत होती. मान ताठ, पाऊल आखूड, जमिनीला घासत जाणारं. मामा बघत राहिले आणि एकदम उठले. सारा त्या रस्त्यावर मोकळ्या डोक्यानं चालली होतीच कधी?

त्यांनी धुरपदाकडं घमेलं मागितलं, तेही भरलेलं.

"या वयात बायांचं काम शिकताय व्हय, मामा?" धुरपदा म्हणाली. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"जिच्याकडनं शिकायचं ती गेली. आता तू शिकीव."

धुरपदानं स्वतःची चुंबळ त्यांच्या डोक्यावर ठेवली, वर घमेलं दिलं आणि खाली बघू नका एवढंच सांगितलं. मामा मैलाच्या दगडापासून निघाले. ओझ्यानं पाऊल आपोआप आखूड पडत होतं. पंधरा, सोळा. इतकी वर्षं ती असं चालली आणि आपण पुढंपुढं मोकळे हिंडलो, हे त्यांच्या मानेला आत्ता कळत होतं. तेहतीस. चौतीस.

धुरपदानं घमेलं उतरवलं. मामांनी वाकून हातोडी मारली. आवाज पोकळ आला.

पहारीनं डांबर उकरल्यावर गंजलेलं झाकण दिसलं. प्रांजल मॅडमनी फोनमध्ये जागेची खूण करून घेतली. "छान झालं, मामा. आता हे उचलून रस्त्याच्या पातळीला बसवू. यापुढं कुणाला मोजायला नको."

"व्हय," मामा म्हणाले. "आता कशाला मोजायचं."

त्यांनी झाकणाभोवती वर्तुळ काढलं. खडू संपला तरी बोटं फिरतच होती. मागून मशीन सुरू झालं. पुढचं झाकण डांबराखाली गेलेलं नव्हतं, लांबूनही दिसत होतं. मामा आखूड पावलं टाकत त्याच्याकडे निघाले.